दुसऱ्या रांगेचे गोल्फ

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हे आमचे गाव. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण आमच्या तोंडी वेल्हेच बसले आहे. भात, नाचणी, वरई आणि चार महिने न थांबणारा पाऊस, एवढीच इथली मिळकत. पुढे मढे घाट उतरला की कोकण. या मुलखातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडत आली. कोणी मुंबईच्या गोदीत गेले, कोणी गिरणीत, कोणी पुण्याच्या भुसार बाजारात. आमचे बडेअब्बा पुण्याला गेले आणि 'गोल्फात' लागले. मोहरमला किंवा भातलावणीला गावी आले की ते असेच सांगत, 'गोल्फात असतो.' ऐकणाऱ्याला वाटे, गोल्फ हा एखादा कारखाना असावा.

तो कारखाना नव्हता. येरवड्याच्या बाजूला हिरवळीवर साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालण्याचे ते काम होते. त्याला कॅडी म्हणतात, हे आम्हाला पुष्कळ पुढे कळले. बडेअब्बांनी तिथून एक जुना चेंडू आणला होता. घराच्या कोनाड्यात तो पानाच्या डब्याशेजारी पडलेला असे. आम्ही पोरांनी तो विटीदांडूच्या दांडूने बडवला, आणि एकदा तो फुटेना म्हणून विळ्याने कापला. आतून रबराचा बारीक दोरा निघाला. ओढत गेलो तर अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचला, तरी संपेना. त्या काळचे गोल्फचे चेंडू असेच रबरी दोरा ताणून गुंडाळलेले असत. बडेअब्बा रागावले नाहीत. 'हजार चेंडू शोधून दिले, त्यातला एक माझा होता,' एवढेच म्हणाले.

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असे आपण सहज म्हणून जातो. ते खोटे नाही. पण या खेळाच्या इतिहासात पिशवी उचलणाऱ्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो मोठ्या चषकांच्या यादीत फारसा सापडत नाही. तो शोधायचा तर व्यावसायिक गोल्फच्या दुसऱ्या रांगेत जावे लागते. तिथल्या स्पर्धांची नावे दरवर्षी बदलतात, कारण पैसे देणारी कंपनी बदलते. निकाल वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर तळाशी एका ओळीत येतो, नाही तर येतही नाही. अशाच एका स्पर्धेचा, आणि तिच्या मागेपुढे असलेल्या माणसांचा, हा मागोवा आहे.

हा खेळ आपल्याकडे आला तो इंग्रजांबरोबर आणि फार लवकर. १८२९ साली कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेर आजही चालू असलेला सर्वांत जुना क्लब तो हाच. मुंबईत १८४२ साली निघाला. नाशिकला रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब होता. पुण्यात लष्कर आणि गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी मुक्काम असल्यावर मैदान होणारच होते. देशाची हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा १८९२ साली सुरू झाली. हिंदी माणसाला या क्लबांत सभासद म्हणून प्रवेश मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ च्या सुमारास निघाला तो मुळात या अडचणीतूनच. गोरे आणि हिंदी दोघांनाही एकत्र बसता यावे, म्हणून गव्हर्नराला वेगळी जागा काढावी लागली. चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा.

हिंदी माणूस मैदानावर मात्र पहिल्या दिवसापासून होता. तो गवत कापत होता, पाणी घालत होता, पिशवी उचलत होता. साहेबाने चेंडू टोलवण्याआधी पुढे पळत जाऊन तो कुठे पडतो हे पाहणारा वेगळा माणूस असे. त्याला हिंदुस्थानातल्या क्लबांत 'आगेवाला' म्हणत, आणि हा शब्द इंग्रजी बोलण्यातही तसाच रुळला. एका फेरीत अठरा खड्डे, चार तास, सात-आठ किलोमीटरची चाल. पिशवीत चौदापर्यंत काठ्या. कॅडीने नुसते ओझे वाहायचे नसते. चेंडू आणि खड्डा यांतले अंतर सांगायचे, वारा सांगायचा, गवताचा कल सांगायचा, वाळूत पडलेल्या पावलांवर दाताळे फिरवायचे, आणि साहेबाचा फटका चुकला तर तोंड बंद ठेवायचे. मैदान कॅडीला जितके पाठ असते तितके सभासदाला कधीच नसते. अनेक क्लबांत आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, मैदान सभासदांना बंद असते आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. भारतातल्या कितीतरी व्यावसायिक खेळाडूंची शाळा म्हणजे हे सोमवार. काठ्या सभासदांनी टाकून दिलेल्या, चेंडू झुडपांतून वेचलेले, आणि गुरुजी कोणी नाही. साहेब कसा मारतो हे पाहून पोरे शिकली, आणि साहेब कसा चुकतो हे पाहून जास्त शिकली.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. क्रिकेटप्रमाणेच गोल्फमध्येही हौशी आणि व्यावसायिक अशी जुनी फाळणी आहे, आणि त्या फाळणीत मान हौशीचा होता. हौशी म्हणजे ज्याला खेळून पोट भरायचे नाही तो, अर्थात ज्याचे पोट आधीच भरले आहे तो. पूर्वीच्या नियमांप्रमाणे ठराविक वयानंतर मजुरी घेऊन पिशवी उचलणारा हौशी धरलाच जात नसे. म्हणजे गरिबाच्या पोराने हौशी स्पर्धेत उतरायचे म्हटले तरी दार बंद. त्याला व्यावसायिक होण्यावाचून गत्यंतर नव्हते. विलायतेतही व्यावसायिक खेळाडू हा क्लबाचा नोकरच समजला जाई. १९२० साली डील गावी ब्रिटिश ओपनसाठी अमेरिकेचा वॉल्टर हेगन गेला तेव्हा त्याला क्लबघरात कपडे बदलू देईनात. त्याने दारासमोर भाड्याची मोटार उभी केली आणि तिच्यात कपडे बदलले. हेगन स्वतः लहानपणी कॅडी होता.

आणखी एक उदाहरण आपल्या रक्ताचे आहे. दक्षिण आफ्रिकेतील डर्बनचा पापवा शेवगोलुम हा हिंदी वंशाचा कॅडी. काठी धरताना त्याचे हात उलटे पडत, उजव्याच्या जागी डावा. शिकवणारा कोणी नव्हता, म्हणून जसे जमले तसे त्याने धरले आणि तसेच ठेवले. या उलट्या हातांनी त्याने हॉलंडची खुली स्पर्धा तीनदा जिंकली. १९६३ साली त्याने आपल्याच गावची नाताळ ओपन जिंकली तेव्हा वर्णभेदाच्या कायद्याने त्याला क्लबघरात जाता येईना. गोरे आत बसले होते, आणि बाहेर पावसात उभे राहून त्याने चषक घेतला. तो फोटो जगभर गेला. बडेअब्बांना पापवाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण क्लबघराच्या पायऱ्यांपर्यंतच आपली हद्द, हे त्यांना कोणी न सांगता समजले होते. पायरीवर पिशवी ठेवायची आणि मागे सरकायचे.

भारतात व्यावसायिक स्पर्धेला खरी सुरुवात १९६४ साली झाली. ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन, पाच वेळचा ब्रिटिश ओपन विजेता, याच्या पुढाकाराने इंडियन ओपन सुरू झाली आणि पहिली त्यानेच जिंकली. दुसऱ्या वर्षी, १९६५ मध्ये, पी. जी. सेठी यांनी जिंकली. ते हौशी खेळाडू होते. त्यानंतर सव्वीस वर्षे एकही भारतीय ती जिंकू शकला नाही. ऑस्ट्रेलियन आले, जपानी आले, तैवानचे आले, अमेरिकन आले आणि चषक घेऊन गेले. भारतीय व्यावसायिक त्या स्पर्धेत खेळत होते, पण त्यांच्याकडून जिंकण्याची अपेक्षाच कोणी ठेवली नव्हती.

१९९१ साली ती अली शेरने जिंकली. अली शेर दिल्लीचा, कॅडी म्हणून वाढलेला. इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. स्पर्धा दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर झाली. ते मैदान ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की तिथे जुन्या मकबऱ्यांच्या मधून खेळावे लागते. लाल बंगला नावाची मोगलकालीन वास्तू तिथेच उभी आहे. दोन्ही बाजूंना झुडपांची दाटी, मोर, आणि वाट अरुंद. जोर असलेल्या परदेशी खेळाडूचा चेंडू जरा तिरका गेला की झुडपात हरवतो. तिथे लांब मारण्यापेक्षा सरळ मारणे कामाचे. ज्याने त्या झुडपांतून वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे चेंडू वेचले त्याला हे शिकवावे लागत नाही. अली शेरला त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि १९९३ साली त्याने ती स्पर्धा पुन्हा जिंकली. एकदा जिंकला ते नशीब, असे म्हणणाऱ्यांची सोय राहिली नाही.

१९९८ साली कोलकात्याच्या फिरोज अलीने इंडियन ओपन जिंकली. पुढच्या दोन वर्षांत अर्जुन अटवाल आणि ज्योती रंधावा यांनी जिंकली. हे दोघे वेगळ्या थरातून आलेले, चांगल्या शाळांतून आणि परदेशी प्रशिक्षणातून घडलेले. पण दार उघडले गेले होते ते आधीच, आणि ते कोणी उघडले याची नोंद राहिली पाहिजे. त्या काळातल्या दिल्लीच्या खेळाडूंची नावे वाचावीत. रोहतास सिंग, बसाद अली, अली शेर, मागाहून शमीम खान. यातून धर्माचा हिशेब मांडण्याचा आमचा इरादा नाही. क्लबाच्या मागच्या वस्तीत माळी, धोबी, खानसामा आणि कॅडी यांची घरे भिंतीला भिंत लावून असतात. तिथून जी पोरे आली त्यांत सिंग होते, कुमार होते, अली होते. चषकावर मुसलमान नाव दिसले की आपल्या माणसांना अभिमान वाटतो, आणि तो वाटू द्यावा. पण त्या पोरांना एकत्र आणणारी गोष्ट खांद्यावरची पिशवी ही होती.

आता ही दुसरी रांग म्हणजे नेमके काय ते सांगतो, कारण क्रिकेटच्या सवयीमुळे आपल्याला ते चटकन कळत नाही. क्रिकेटपटूला संघात घेतात आणि मानधन देतात. व्यावसायिक गोल्फरला कोणी घेत नाही. तो स्वतःचे तिकीट काढून स्पर्धेच्या गावी जातो, स्वतःच्या खर्चाने राहतो, प्रवेशफी भरतो, कॅडी लावतो. स्पर्धा बहुधा चार दिवसांची, रोज अठरा खड्डे. दोन दिवसांनंतर 'कट' लागतो. आपल्या देशी मालिकेत साधारण पहिले पन्नास आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे खेळतात. उरलेल्यांनी सामान बांधायचे. त्यांच्या हाती एक रुपयाही पडत नाही. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण पंधरा लाख मिळतात, आणि तिथून रक्कम भराभर खाली उतरते. तळाच्या खेळाडूचा जाण्यायेण्याचा खर्च निघाला तरी पुष्कळ. आमच्याकडे जत्रेच्या कुस्त्यांत नारळावरची कुस्ती असते आणि शेवटची, मोठ्या इनामाची असते. फरक इतकाच की नारळावरच्या पैलवानाला निदान नारळ मिळतो.

जगात याची उतरंड आहे. वर अमेरिकेची पीजीए टूर आणि युरोपियन टूर. त्यांच्या खाली त्यांच्याच दुसऱ्या मालिका. अमेरिकेतली १९९० साली सुरू झाली आणि प्रायोजकाप्रमाणे तिचे नाव आतापर्यंत अनेकदा बदलले. बेन होगन, नाइके, नेशनवाइड, वेब डॉट कॉम, आणि २०१९ पासून कॉर्न फेरी. युरोपातली मालिका २०२४ पर्यंत चॅलेंज टूर या नावाची. त्या मालिकेत वर्षअखेर जे पंधरा-वीस खेळाडू वर राहतात त्यांना पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत जागा मिळते. बाकीचे पुन्हा तिथेच. आपल्या देशात व्यावसायिकांची संघटना १९८८ साली झाली, आणि २००६ साली खेळाडूंनी स्वतःच्या हाती कारभार घेऊन प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया उभी केली. तिला पीजीटीआय म्हणतात. २०२४ पासून कपिल देव तिचे अध्यक्ष आहेत.

या देशी मालिकेचा राजा म्हणावा असा माणूस म्हणजे महूचा मुकेश कुमार. महू म्हणजे लष्करी छावणी, बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव. छावणीत मैदान आणि मैदानाला लागून गरिबांची वस्ती, हे चित्र तिथेही तेच. मुकेश कुमारने देशातल्या शंभराहून अधिक व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या. जगात एखाद्याने शंभर स्पर्धा जिंकल्या असत्या तर त्याच्या नावाचे बूट विकले गेले असते. याचे नाव महूबाहेर किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? तो परदेशात फारसा गेलाच नाही. इंग्रजीची भीती, जेवणाची अडचण, खर्च, काही म्हणा. देशी स्पर्धांत घर चालत होते, आणि घर चालवणे हेच पहिले काम होते. २०१६ च्या डिसेंबरात दिल्लीला पॅनासॉनिक ओपन झाली. ती आशियाई टूरची स्पर्धा. एक्कावन्न वर्षांच्या मुकेशने ती जिंकली. आशियाई टूरवरचा हा त्याचा पहिला विजय, आणि इतक्या वयात पहिल्यांदा जिंकणारा दुसरा कोणी तोवर झाला नव्हता.

आता ज्या स्पर्धेसाठी लेखणी उचलली तिच्याकडे येतो. युरोपची चॅलेंज टूर आपल्या शेजारच्या राज्यात, अहमदाबादजवळ, २०११ साली आली. स्पर्धेचे नाव गुजरात केन्सव्हिल चॅलेंज. मैदान जीव मिल्खा सिंगने आखलेले. धावपटू मिल्खा सिंग यांचा हा मुलगा, युरोपियन टूरवर गेलेला पहिला भारतीय. जानेवारीत युरोपात बर्फ असतो, तेव्हा मोसमाची सुरुवात उन्हाच्या देशात करायची हा युरोपियनांचा हिशेब. गुजरातचा हिशेब गुंतवणुकीचा. घरे, क्लब आणि मैदान असा मोठा प्रकल्प उभा राहिला होता आणि त्याचे नाव बाहेर जायला हवे होते. दोन्ही हिशेब जुळले, आणि भारतीय व्यावसायिकांना घराजवळ युरोपच्या दुसऱ्या रांगेत शिरण्याची संधी मिळाली. व्हिसा नको, विमानाचे महागडे तिकीट नको. अहमदाबादच्या गाडीत बसले की झाले. युरोपात एका मोसमाचा खर्च लाखांनी मोजावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे या गाडीच्या तिकिटाचे मोल कळेल.

पहिली स्पर्धा कपूरथळ्याच्या गगनजित भुल्लरने जिंकली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पुढे त्याने आशियाई टूरवर अनेक विजय मिळवले, आणि २०१८ साली फिजीची स्पर्धा जिंकून युरोपियन टूरच्या विजेत्यांतही नाव घातले. २०१२ ची स्पर्धा जर्मनीच्या मॅक्सिमिलियन कीफरने जिंकली. त्याच वर्षाच्या कामगिरीवर तो वरच्या टूरवर गेला, आणि त्याला तिथे पहिला विजय मिळायला २०२२ उजाडले. दुसऱ्या रांगेतून पहिलीत जाणे एक, आणि तिथे टिकणे दुसरे. २०१३ ची स्पर्धा दिल्लीच्या शिव कपूरने जिंकली. २००२ च्या बुसान आशियाई खेळांत त्याने सुवर्णपदक मिळवले होते. तीन वर्षांत दोन भारतीय विजेते. ज्या देशाने सव्वीस वर्षे स्वतःच्या ओपनची वाट पाहिली त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

आणि तिथेच ती स्पर्धा थांबली. २०१४ च्या मोसमात तिचे नाव राहिले नाही. अशा स्पर्धांचा मृत्यू गाजावाजा न करता होतो. वेळापत्रक छापले जाते, त्यात ती नसते, एवढेच. ज्या खेळाडूने पुढच्या जानेवारीची आशा धरून वर्षभर सराव केला असेल त्याने ते वेळापत्रक दोनदा वाचले असेल.

एक खटकणारी गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. केन्सव्हिल जिंकणारे दोन्ही भारतीय कॅडींच्या वस्तीतून आलेले नव्हते. लहानपणापासून प्रशिक्षण, परदेश दौरे, हौशी गटातली मोठी कारकीर्द, असा त्यांचा मार्ग होता. त्यात गैर काही नाही, दोघेही उत्तम खेळाडू. पण १९९१ नंतर वीस वर्षांत खेळ बदलला होता. काठ्या महाग झाल्या, शरीर कमावण्याचे शास्त्र आले, फटक्याचे चित्रीकरण करून चूक दाखवणारी यंत्रे आली. सोमवारच्या शाळेत हे काही नव्हते. नजरेने शिकलेला मुलगा आणि अकादमीत शिकलेला मुलगा यांत अंतर पडत चालले. व्यावसायिक खेळाडूही आता हौशी गटातूनच वर येऊ लागले, म्हणजे जो दरवाजा पूर्वी कॅडीला बंद होता त्याच दरवाजातून. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर. २०१५ साली अमेरिकेच्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत तो बरोबरीने पाचवा आला. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. ही नावे अभिमानाने घ्यावीत. पण महाराष्ट्रातल्या मैदानांवर पिशव्या उचलणाऱ्या हजारो हातांतून अली शेर किंवा मुकेश कुमार यांच्या तोडीचे नाव का निघाले नाही, हा प्रश्न आम्हाला छळतो. मुंबई-पुण्यात मैदाने थोडी आणि पोटापाण्याच्या दुसऱ्या वाटा पुष्कळ, हे एक कारण असेल. बडेअब्बांसारख्या माणसांना खेळ हे काम वाटत होते, आणि काम संपले की गावी भात लावायचे होते, हे दुसरे.

दिल्लीच्या वाटेवर मात्र अजून कोणी तरी चालत होते. राशिद खानने आशियाई टूरवर २०१३ आणि २०१४ मध्ये दोन स्पर्धा जिंकल्या. २०१९ साली पीजीटीआयच्या वार्षिक क्रमवारीत तो पहिला आला. पुढे ऑलिंपिकच्या पात्रता यादीत भारतीयांत तो वरच्या जागी असताना, आपल्याला आणि कॅडीतून व्यावसायिक झालेल्या इतरांना सरावासाठी मैदानावर जाऊ देत नाहीत, ही तक्रार त्याने जाहीरपणे मांडली. २०२१ साली ते प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. क्लबांची बाजू नियमांची असते. सभासद कोण, पाहुणा कोण, किती वेळ, किती पैसे. नियम नियमच असतात. पण देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला चेंडू मारायला जागा शोधावी लागते, हे कोणत्या दुसऱ्या खेळात घडेल? सचिन तेंडुलकरला शिवाजी पार्कच्या बाहेर उभे केल्याची कल्पना करून पाहावी.

चॅलेंज टूर पुन्हा भारतात आली ती दहा वर्षांनी. मार्च २०२३ मध्ये तिच्या दोन स्पर्धा इथे झाल्या. पीजीटीआयशी जोडून घेतल्यामुळे भारतीय खेळाडूंनाही त्यात जागा होत्या. त्यातली डंकन टेलर ब्लॅक बुल चॅलेंज ओमप्रकाश चौहानने जिंकली. एका दारूच्या कंपनीचे नाव स्पर्धेला असावे, हे आमच्या काही वाचकांना रुचणार नाही. आम्हालाही विशेष रुचले नाही. पण तंबाखू, दारू आणि घरबांधणी यांच्या पैशांवरच ही दुसरी रांग उभी राहत आली आहे, हे लपवून काय साधणार? मुद्दा असा की चौहान महूचा. मुकेश कुमारच्या गावचा. भुल्लर आणि कपूर यांच्यानंतर चॅलेंज टूर जिंकलेल्या भारतीयांत ज्याचे नाव आले तो त्या छावणीच्या गावातून आला. त्याच वर्षी पीजीटीआयच्या क्रमवारीतही तो पहिला होता. २०२४ साली चॅलेंज टूर दिल्ली आणि कोलकात्याला आली. कोलकात्याची स्पर्धा १८२९ च्या त्याच क्लबाच्या मैदानावर झाली.

महूत त्या दिवशी काय झाले असेल याची कल्पना करणे आम्हाला अवघड जात नाही. पासलीत आम्ही चौहानचे नाव कोणाला सांगितले तर कोणाला कळणार नाही, म्हणून सांगितले नाही. बडेअब्बा असते तर त्यांना सांगितले असते. त्यांनी पहिला प्रश्न हाच केला असता की त्याची पिशवी कोणी उचलली होती.

तो प्रश्न आम्ही एका जाणकाराला विचारला. या मालिकेत खेळाडू कॅडी कुठून आणतात? तो म्हणाला, मोठ्यांचे कॅडी त्यांच्याबरोबर फिरतात. बाकीचे ज्या गावी स्पर्धा असेल तिथल्या क्लबाचा माणूस घेतात, किंवा घरचाच कोणी भाऊ, मेहुणा, मित्र येतो. 'कट' चुकला तर त्यालाही रिकाम्या हाताने परत जावे लागते का, असे आम्ही विचारले. मजुरी द्यावीच लागते, तो म्हणाला, खेळाडूने खिशातून.